ओव्याचे फूल आणि बाटलीवरचे शब्द



हल्ली दुकानांत सुगंधी तेलांच्या चिमुकल्या बाटल्या मिळतात. त्यावर ठळक अक्षरांत ‘थेरप्युटिक ग्रेड’, म्हणजे औषधी दर्जा, असे छापलेले असते. मी कॉमर्सची, त्यामुळे दर्जा म्हटला की तो दिला कोणी, हे आधी बघते. हा दर्जा कोणतेही सरकार देत नाही. तो विकणाऱ्याचाच शब्द आहे.

आपल्या मुंबईत ही मोजदाद फार पूर्वी नीट झाली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ साली मुंबईतल्या औषधांची सूची प्रसिद्ध केली. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे हे सावत्र वडील.

आपला ओवाच घ्या. आपल्या कितीतरी घरांत आले-लसूण नाही, मधही नाही, म्हणून पोट दुखले की हात ओव्याच्या डबीकडेच जातो. आयुर्वेदाने त्याचे गुण वेगवेगळ्या शब्दांत सांगितले आहेत. दीपन म्हणजे भूक चेतवणारा, पाचन म्हणजे अन्न पचवणारा, अनुलोमन म्हणजे वायूला खालच्या वाटेने नेणारा, शूलघ्न म्हणजे पोटातली कळ थांबवणारा आणि कृमिघ्न म्हणजे जंत मारणारा. इंग्रजीतला ‘कार्मिनेटिव्ह’ हा शब्दही वायू सारण्यापुरताच. एका शब्दाला एक काम. ‘थेरप्युटिक’ म्हटले की कशावर, किती आणि कसे, यातले काहीच कळत नाही.

ओव्याच्या तेलातून जे पांढरे खडे निघतात, ते ओव्याचे फूल, म्हणजेच थायमॉल. १९१४ पूर्वी आपला ओवा जहाजाने जर्मनीला जायचा आणि तिथे त्याचे थायमॉल व्हायचे. ते जंतुनाशक म्हणून आणि आकडीकृमीवर वापरत. महायुद्ध सुरू झाले, हा व्यापार तुटला आणि थायमॉलचे भाव कडाडले. कच्चा माल आपला, नफा दुसऱ्याचा! ‘अरोमाथेरपी’ हा शब्द तर त्यानंतरचा. गॅटफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९३७ साली त्या नावाचे पुस्तक काढले.

कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल एकत्र ठेवले की तिन्ही खडे विरघळून पाणी होते. तीच आपली अमृतधारा. पण हे अर्क फार तीव्र असतात. चमचाभर ओवा चावणे वेगळे आणि त्याचे तेल पिणे वेगळे. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. म्हणून नातवंडांच्या हाती या बाटल्या लागू देऊ नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबभरही पाजू नका.

बाटली घेताना तीन गोष्टी बघा : वनस्पतीचे शास्त्रीय नाव, ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ ही सूचना आणि निलगिरीसारख्या औषधी तेलावर ‘आय. पी.’ ही अक्षरे. ‘आय. पी.’ म्हणजे भारतीय औषधसंहितेचे प्रमाण. त्या दोन अक्षरांमागे लिहिलेली कसोटी असते.