पंधरा इंचांची रेल्वे: मालक गेला, इंजिनं आली

माथेरानच्या गाडीला मी नेहमी सरळ 'टॉय ट्रेन' म्हणून मोकळा होतो. सगळेच म्हणतात. पण तिच्या दोन रुळांत 610 मिलिमीटर अंतर आहे. आजच्या गोष्टीतल्या रेल्वेचं अंतर 381, म्हणजे फक्त 15 इंच. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन कर्णात मोजली तर याहून जराशी मोठी भरेल! आणि तरी हे खेळणं नाही. खरा कोळसा, खरी वाफ, खरे प्रवासी.

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, समुद्रालगतच्या सपाट दलदलीत ही रॉम्नी, हाइद अँड डिमचर्च रेल्वे आहे. तिच्यामागे दोन श्रीमंत वेडे होते. दोघंही कार रेसर. कॅप्टन हाऊई आणि काउंट लुई झ्बोरोव्स्की.

झ्बोरोव्स्कीच्या कँटरबरीजवळच्या इस्टेटीत आधीच 15 इंची रेल्वे होती. पण घरच्या बागेत गोल गोल फिरून किती दिवस समाधान होणार? त्याला खरी लाइन हवी होती. जागा ठरायच्या आधीच त्यानं डेव्ही पॅक्समन कंपनीकडे दोन इंजिनांची ऑर्डर देऊन टाकली. आमच्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हर नाही, युजर नाहीत, थेट हार्डवेअर बुक!

आणि ऑक्टोबर 1924 मध्ये मोंझाच्या शर्यतीत त्याचा अपघात झाला. तो गेला. वय 29. (त्याचे वडीलही 1903 मध्ये शर्यतीतच गेले होते.) इंजिनं त्याच्या हाती आलीच नाहीत. माझं वय त्याच्याच आसपास आहे, त्यामुळे हे वाचताना मी जरा थांबलो.

हाऊईनं ती इंजिनं घेतली आणि मग त्यांच्यासाठी जागा शोधली. त्यातलं एक 'ग्रीन गॉडेस'.

आता माझा आवडता भाग. डिझायनर होता हेन्री ग्रीनली. रुळांचं अंतर मोठ्या रेल्वेच्या, म्हणजे 1435 मिलिमीटरच्या, साधारण पाव आहे. पण इंजिनं त्यानं एक तृतीयांश मापाची केली! चूक नाही, हिशोब आहे. लांबी-रुंदी-उंची पाव केली की घनफळ 64 पटीनं घटतं. एक तृतीयांश केली तर 27 पटीनं. म्हणजे त्याच रुळावर बॉयलर दुपटीहून मोठा मिळतो. शिवाय ड्रायव्हर काही लहान होत नाही. इथे एकच माणूस गाडी चालवतो आणि कोळसाही तोच टाकतो, त्याला बसायला जागा नको?

16 जुलै 1927 ला लाइन सुरू झाली, पुढच्याच वर्षी डंजनेसपर्यंत पोचली. एकूण साडेतेरा मैल, म्हणजे जवळपास 22 किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं ती ताब्यात घेतली आणि 'हर्क्युलिस' नावाच्या इंजिनाला चिलखत चढवून मशीनगनवाली गाडी फिरवली. हसू येतं खरं, पण पलीकडे खाडी ओलांडली की फ्रान्स, आणि तिथे जर्मन फौजा होत्या.

युद्धानंतर, 1947 मध्ये, डंजनेसचा तुकडा पुन्हा सुरू झाला तेव्हा उद्घाटनाला लॉरेल आणि हार्डी आले होते.

नंतर कित्येक वर्षं या गाडीनं शाळेच्या मुलांची ने-आण केली, 2015 पर्यंत. ग्रीन गॉडेस अजूनही धावते. आणि डंजनेसला उतरलात तर समोर काय दिसतं? अणुऊर्जा केंद्र.