घोंगडी विणकाम
माणदेश, सोलापूर, कोल्हापूर या भागांतील पारंपरिक लोकर-उद्योग. दख्खनी मेंढीची काळी, भरड लोकर धनगर कातरतात, बायका चरख्यावर सूत काढतात आणि सनगर समाजाचे विणकर ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन खड्डामागावर घोंगडी विणतात. या धंद्याच्या ऱ्हासाचे खापर सहसा गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांवर फोडले जाते. त्यांनी गिऱ्हाईक पळवले हे खरे. पण तेवढ्याने ही साखळी तुटली नसती, कारण बिरोबा-खंडोबाच्या उपासनेत घोंगडीचा मान आजही टिकून आहे आणि शहरांतूनही तिला काही मागणी आहे. खरा घाव कच्च्या मालावर बसला. मटणाला भाव आला, तसे कळपांत वजनदार, कमी लोकरीचे माडग्याळ जातीचे नर शिरले. लोकर विकून कातरणीची मजुरीही निघेना. मागणी आटली म्हणूनच कळप बदलले, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे : मटणाची ओढ लोकरीच्या भावावर अवलंबून नव्हती, आणि चराऊ रानेही आक्रसत गेली. त्यामुळे विणकरांना नुसते माग आणि प्रदर्शने देऊन हा धंदा तगणार नाही. मेंढपाळाला लोकरीचा परवडणारा भाव आधी मिळाला पाहिजे.