पुढच्या रविवारचा सामना

माझ्या वर्गातल्या लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, खडूंच्या खोक्याशेजारी, वीस वर्षे एक फुटबॉल पडून होता. तो माझा नव्हे, शाळेचाही नव्हे. नोकरीला लागून मला दुसरे की तिसरे वर्ष असेल. सहामाही परीक्षा चालू होती आणि कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत पाच-सहा पोरे खेळत होती. आमच्या विदर्भात अशांना ‘पोट्टे’ म्हणतात. त्या शब्दात लाडही असतो आणि हेटाळणीही. कोण कसा उच्चारतो त्यावर सारे अवलंबून. ही पोरे आमच्या पटावरची नव्हती. रेल्वेच्या रुळांकडेला राहणारी, दिवसभर भंगार वेचणारी. चेंडू आला, खिडकीची काच फुटली, आणि मी नव्या मास्तराच्या रुबाबात बाहेर जाऊन चेंडू उचलून आणला.

दुसऱ्या दिवशी त्यांतला एक, असेल दहा-अकरा वर्षांचा, वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. “सर, बॉल द्या ना.” मी म्हणालो, “बापाला घेऊन ये, मग देतो.” तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि निघून गेला. पुन्हा आला नाही. आणायला त्याला बाप होता की नाही, हे विचारायचे मला सुचलेही नव्हते.

वाचकहो, चकली-अनारशांचे ताट शेजारी ठेवून वाचायच्या अंकात ही कबुली कशाला, असे तुम्ही म्हणाल. कारण असे घडले की, २०२२ च्या मार्चमध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ चित्रपट लागला आणि घरच्या मंडळींबरोबर मी तो पाहायला गेलो. पडद्यावर अमिताभ बच्चन होते, परंतु गोष्ट आमच्या नागपूरच्या विजय बारसे सरांची होती. मंडळी चित्रपटात रंगली; मला मात्र सारा वेळ कपाटातला तो चेंडू दिसत होता. त्यानंतर कात्रणे धुंडाळून, इकडचे-तिकडचे वाचून या खेळाचा आणि रस्त्यावरच्या पोरांचा जो इतिहास माझ्या हाती लागला, तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

फुटबॉल आपल्याकडे आला तो साहेबाचा खेळ म्हणून. १८६३ साली लंडनमध्ये त्याचे नियम कागदावर उतरले, आणि पुढे पलटणींच्या पेटाऱ्यांतून तो हिंदुस्थानात उतरला. १८८८ साली सिमल्याला ड्युरँड चषकाचे सामने सुरू झाले, १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषकाचे. खेळणारे गोरे सोल्जर, आणि पाहणारे आपण. परंतु या खेळात एक गोम आहे, जी साहेबाच्या ध्यानात आली नसावी. क्रिकेटला बॅट लागते, स्टंप लागतात, बरी खेळपट्टी लागते. फुटबॉलला गोल असे काहीतरी लागते, बस्स! २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला दोन विरुद्ध एक असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहा गडी अनवाणी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकात स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशी खेळला, तेव्हाही बहुतेकांचे पाय उघडेच होते. तो सामना आपण एका गोलाने हरलो आणि दोन पेनल्टी दवडल्या, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा बूट नसलेल्या माणसाला हा खेळ परका कधीच नव्हता. कलकत्त्याचे ते अकरा जण मात्र काही रस्त्यावरचे नव्हते. रस्त्यावरचे पोर चिंध्यांचा गोळा लाथाडते, डबा लाथाडते. संध्याकाळी खेळ संपतो आणि ते पुन्हा रस्त्यावरच असते. नुसत्या चेंडूने त्याच्या आयुष्यात काही फरक पडत असता, तर जगातली गरिबी केव्हाच हटली असती. चेंडूच्या जोडीला आणखी काहीतरी लागते. ते काय, हे मला प्रथम उमगले ते आफ्रिकेतल्या एका वस्तीची हकिकत वाचताना. म्हणून नागपूरला येण्याआधी तिकडे जाऊन येऊ.

केनियाची राजधानी नैरोबी. तिच्या कडेला मथारे नावाची नदी आहे आणि नदीच्या खोऱ्यात पत्र्याच्या झोपड्यांची अफाट वस्ती. कचरा उचलायला कोणी येत नसे. उघडी गटारे, ढिगांवर बागडणारी मुले, आणि त्या घाणीतून येणारे आजार. तेथे बॉब मन्रो नावाचा एक कॅनडाचा गृहस्थ पर्यावरणाच्या कामासाठी येऊन राहिला होता. पोरे प्लॅस्टिकच्या पिशव्या सुतळीने आवळून केलेल्या चेंडूने खेळत, हे त्याने पाहिले. १९८७ साली त्याने पोरांशी एक सौदा केला. तुम्ही काही कराल तर मी काही करीन. तुम्ही हात बांधून बसाल तर मीही बसेन. त्याने खऱ्या चेंडूंची, पंचांची आणि सामन्यांची सोय करायची; पोरांनी वस्ती साफ करायची. यातून ‘मथारे युथ स्पोर्ट्स असोसिएशन’ उभी राहिली.

त्यांच्या लीगच्या तक्त्यात, म्हणजे कोण पुढे कोण मागे हे दाखवणाऱ्या फलकात, सामना जिंकल्याचे गुण तर धरतातच. पण संघाने ठरल्या वेळी येऊन फावडी-घमेली घेऊन वस्तीतला कचरा उपसला, तर त्याचेही सहा गुण मिळतात. म्हणजे मैदानात शेर असलेला संघ झाडूला लाजला, तर तक्त्यात खाली घसरतो. मास्तर म्हणून मी या हिशेबावर बेहद्द खूश आहे. स्वच्छतेवर निबंध लिहवून घेण्यात माझी हयात गेली. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे पोरही बाहेर पडताना शेंगांची टरफले पायरीवरच टाकते!

हळूहळू त्या संघटनेचा कारभारही पोरांच्या हाती गेला. सामन्यांचे वेळापत्रक तीच लावू लागली, पंच तीच, तक्रारी ऐकणारी समितीही त्यांचीच. मुलींचेही संघ उभे राहिले. जे मूल धाकट्यांना शिकवील, पंचगिरी करील, त्याच्या नावावर गुण जमतात आणि त्या गुणांवर त्याची शाळेची फी थेट शाळेत भरली जाते. १९९४ साली याच पोरांतून ‘मथारे युनायटेड’ हा मोठा संघ निघाला, आणि २००८ साली त्याने केनियाची मुख्य लीग जिंकली. नदीकाठच्या उकिरड्यावरून देशाच्या अजिंक्यपदापर्यंत एकवीस वर्षे लागली. आपल्याकडे एखाद्या रस्त्याला तेवढी लागतात, असो.

आता नागपूर. विजय बारसे हे तेथील हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ सालची गोष्ट. पाऊस कोसळत होता आणि सर आडोशाला उभे होते. समोर चिखलात झोपडपट्टीची काही पोरे खेळत होती. पायांत चेंडू नव्हता, एक फुटकी बादली होती. सरांनी त्यांना फुटबॉल दिला. पुढे त्यांच्या लक्षात आले की, खेळत असतील तेवढा वेळ ही पोरे व्यसनांपासून आणि मारामाऱ्यांपासून दूर असतात. हे निरीक्षण साधे आहे. कोणाही आईला ते ठाऊक असते. मात्र सर तेवढ्यावर थांबले नाहीत. २००२ साली त्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्पर्धा भरवली, आणि तिच्यात १२८ संघ उतरले.

हा आकडा जरा डोळ्यांपुढे आणा. १२८ संघ म्हणजे १२८ नावे, १२८ कॅप्टन आणि हजारावर गडी. बाद पद्धतीने खेळवायचे म्हटले तर सात फेऱ्या आणि १२७ सामने! ज्याचे नाव रेशनकार्डावर असेल-नसेल, शाळेच्या पटावर तर नसतेच, त्याचे नाव एका कागदावर चढले. अमुक वाजता अमुक मैदानावर ये, तू आला नाहीस तर दहाच गडी राहतील, असे त्याला कोणीतरी बजावले. माझ्या मते सारे मर्म येथे आहे. ज्याला आज रात्री कोठे निजायचे हेच माहीत नाही, त्याला ‘उज्ज्वल भविष्य’ या शब्दांचा काय उपयोग? त्याला लागते पुढच्या रविवारची तारीख, आणि त्या दिवशी आपली वाट पाहणारे दहा जण.

सरांच्या या ‘झोपडपट्टी फुटबॉल’चे पुढे ‘स्लम सॉकर’ झाले आणि ते महाराष्ट्राबाहेरही पसरले. २०१६ साली फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, फिफाने, आपला विविधतेसाठीचा पुरस्कार या नागपूरच्या संस्थेला दिला. कौतुक पुष्कळ झाले. मला त्याहून मोलाची वाटते ती ही गोष्ट की, एके काळी खेळायला आलेली पोरेच पुढे धाकट्यांना शिकवू लागली.

याच सुमारास बाहेरच्या जगातही असेच काही शिजत होते. मेल यंग हे स्कॉटलंडचे आणि हॅराल्ड श्मीड हे ऑस्ट्रियाचे. दोघेही बेघरांनी विकायच्या वृत्तपत्रांच्या कामातले. २००१ साली केपटाऊनच्या एका परिषदेनंतर बोलता बोलता त्यांच्या मनात बेघरांच्या विश्वचषकाची कल्पना आली, आणि २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात १८ देशांचे संघ खेळले. मैदान अगदी आटोपशीर, २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. एका बाजूला चार गडी, सात-सात मिनिटांचे दोन डाव. आणि एक कडक नियम : एका माणसाने ही स्पर्धा आयुष्यात एकदाच खेळायची. प्रथम वाचले तेव्हा तो मला निष्ठुर वाटला. मग ध्यानात आले की, बेघरपण हा कोणाचा कायमचा हुद्दा होऊ नये, हा त्यामागचा विचार आहे. भारताचे संघ या स्पर्धेला धाडण्याचे काम नागपूरच्याच संस्थेने अंगावर घेतले. ज्यांनी शेगावपलीकडे आगगाडी पाहिली नव्हती, अशा घरांतली पोरे विमानात बसली.

मुलांची स्पर्धा निराळी. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत मोठा विश्वचषक व्हायचा होता. पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून डर्बन शहरात रस्त्यावरच्या मुलांची धरपकड होत असे. त्याच डर्बनमध्ये, मोठ्या स्पर्धेच्या काही महिने आधी, आठ देशांच्या रस्त्यावरच्या मुलांचा विश्वचषक भरला. अंतिम सामन्यात टांझानियाला हरवून तो जिंकला आपल्या भारताच्या पोरांनी! याचा गाजावाजा आपल्याकडे किती झाला, हे मी सांगायला नको. त्या चषकाच्या निमित्ताने एक जुनी अडचण जगापुढे आली. परदेशी जायचे तर पारपत्र हवे, पारपत्राला जन्माचा दाखला हवा, आणि या मुलांच्या जन्माची नोंद कोठेच नसते. खेळायला जायचे म्हणून कागद शोधावे लागले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. आणि ‘मी कोणीतरी आहे’ हे सरकारी शिक्क्यानिशी सांगता यावे, ही मागणी पुढे त्या चळवळीचाच भाग झाली.

यात भाबडेपणा नको. आठ दिवस टाळ्या ऐकून पोर परत येते ते त्याच पत्र्याखाली. बाप तसाच पितो, आई तशीच धुणीभांडी करते. हजारांत एखादा मोठ्या संघात जातो. बाकीच्यांना फुटबॉल भाकरी देत नाही. चित्रपट पाहून डोळे पुसणारे आपण सिग्नलला गाडी थांबली की काच वर करतो. या टीकेला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणेन की, शाळासुद्धा हजारांत एखाद्यालाच कलेक्टर करते. तरी उरलेल्यांची हजेरी घेणे आम्ही सोडलेले नाही.

तो चित्रपट पाहिल्यानंतरच्या सोमवारी मी कपाट उघडले. चेंडूचे कातडे वाळून तडकले होते, आतले ब्लॅडर बोटांत भुगा होऊन आले. सायकलच्या दुकानदाराने हातात घेऊन हसून परत दिला. रुळांकडेच्या झोपड्या तेथून केव्हाच उठल्या आहेत. त्या पोराचा शोध घ्यायचा मी प्रयत्न केला. पण ज्याचे नावच विचारले नाही, त्याचा शोध घ्यायचा तरी कसा? आज तो तिशीचा असेल. कदाचित माझ्याच शाळेत त्याचे पोर असेल.

मी नवा चेंडू आणला. रविवारी सकाळी शाळेचे मैदान उघडे ठेवायची परवानगी मिळवायला चार महिने लागले. पुलाखालची पोरे येतात, आमच्या पटावरचीही येतात. पहिले दोन महिने दोघांनी वेगवेगळे डबे खाल्ले. नावे मी एका जुन्या हजेरीबुकाच्या कोऱ्या पानांवर मांडतो. एका पोट्ट्याला आडनाव विचारले तर म्हणाला, “तेवढी जागा रिकामी ठेवा सर, विचारून सांगतो.” ठेवली आहे. मागच्या रविवारी त्यानेच मारलेल्या चेंडूने तीच खिडकी पुन्हा फुटली. काचेचे दोनशे चाळीस रुपये झाले.