दोन वखारी

श्रोतेहो, परदेशी जाऊन आलेला मनुष्य तेथील राजवाड्यांचे आणि बागांचे वर्णन हौसेने सांगतो. मी आज तुम्हांस एका वखारीची हकीकत सांगणार आहे आणि ती सांगता सांगता माझ्या हातून घडलेली एक चूकही कबूल करणार आहे.

माझी कन्या नोकरीनिमित्त हॉलंडात असते. तिच्या आग्रहास्तव मध्यंतरी मला ॲमस्टरडॅम शहर पाहण्याचा योग आला. तेथील मुख्य स्टेशनापासून पाण्याच्या कडेकडेने पाऊण मैलभर चालत गेले की एक पांढुरकी, चौसोपी, भव्य इमारत दिसू लागते. तिन्ही बाजूंनी पाणी आणि मध्ये हा चौरस वाडा. लांबून पाहणाऱ्यास तो एखाद्या सरदाराचा प्रासाद वाटावा; पण कोणी सरदार त्यात कधीच राहिला नाही. ही डच आरमाराची वखार. डॅनियल स्टालपार्ट नावाच्या स्थपतीने तिचा आराखडा केला आणि १६५६ साली ती उभी राहिली. तेथील जमीन दलदलीची; म्हणून सुमारे १,८०० लाकडी खांब खोल ठोकून त्यांवर सारा भार तोलून धरला आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. १६५२ ते १६५४ या काळात डचांचे इंग्रजांशी समुद्रावर युद्ध झाले आणि त्यात डचांस फार सोसावे लागले. तेव्हा त्यांनी मोठ्या युद्धनौका बांधण्याचे ठरविले. पण नौका बांधून काम भागत नाही. तोफा, शिडे, दोरखंड, निशाणे हा सारा सरंजाम एका जागी तयार ठेवावा लागतो. हुकूम सुटताच गलबतावर चढवावा लागतो. लढाईचा निकाल समुद्रावर लागतो खरा, परंतु त्याची तयारी अशा वखारींतून होत असते. ह्या इमारतीस डच लोक ‘मागाझेन’ म्हणतात. तो शब्द मूळचा अरबी, आणि आपल्या ‘खजिना’ शब्दाचा तो सख्खा भाऊ, हे ऐकून तुम्हांस गंमत वाटेल.

१७९१ साली या वखारीस मोठी आग लागली व आतील भाग जळाला. भिंती मात्र टिकल्या. इमारत पुन्हा सावरण्यात आली आणि पुढे विसाव्या शतकातही ती आरमाराकडेच राहिली. इकडे १९१६ साली काही नागरिकांनी एकत्र येऊन जुन्या नौकांच्या प्रतिकृती, नकाशे, चित्रे जमविण्यासाठी मंडळी स्थापन केली होती. त्यांचे संग्रहालय १९२२ साली दुसऱ्या जागेत उघडले. ते १९७३ साली या वखारीत आले. मधल्या चौकावर आता काचेचे छत आहे. जुन्या सागरी नकाशांवर होकायंत्राच्या दिशारेषा एकमेकींस छेदीत जातात, तशाच आकृतीत त्या छताच्या सळ्या गुंफिल्या आहेत.

आत राजघराण्याची सोनेरी मुलाम्याची नाव पाहिली. बाहेर धक्क्याला ‘ॲमस्टरडॅम’ नावाच्या जहाजाची पूर्णाकृती प्रतिकृती उभी होती. ती स्वयंसेवकांनी खपून १९९० साली पुरी केली. मूळ जहाज डच ईस्ट इंडिया कंपनीचे. आपल्या पहिल्याच सफरीत, १७४९ च्या जानेवारीत, ते इंग्लंडच्या किनाऱ्याला लागून बुडाले. हे वैभव पाहताना एका गोष्टीचा विसर पडू देता कामा नये. याच कंपनीने १६२१ साली जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदा बेटांवरील बहुतेक रहिवाशांचा संहार केला अथवा त्यांस देशोधडीस लाविले. दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब ज्यात नाही, तो इतिहास अपुरा होय.

नकाशांच्या दालनात मात्र माझे पाय रेंगाळले. काचेआड मंद प्रकाशात जुने नकाशे मांडलेले. अक्षरे बारीक आणि माझे डोळे म्हातारे. मुलगी कंटाळून म्हणाली, “अण्णा, एवढे काय शोधताहात?”

“वेंगुर्ले,” मी म्हणालो.

ती हसली, पण माझा शोध हास्यास्पद नव्हता. मी वेंगुर्ल्याचा. १६३७ साली योहान फान ट्विस्ट हा डच वकील विजापूरच्या दरबारी गेला आणि आदिलशहाची परवानगी मिळून आमच्या गावी डचांचे ठाणे बसले. कारण उघड आहे. गोवा तेथून हाकेच्या अंतरावर. पोर्तुगिजांची जहाजे लिस्बनला निघू नयेत म्हणून डच आरमार त्या सुमारास काही वर्षे दर हंगामात गोव्याची नाकेबंदी करी, आणि त्याला दाणापाणी पुरे ते वेंगुर्ल्याहून. गोवा असे कोंडले गेले म्हणून कोलंबो, कोचीन अशी दूरदूरची पोर्तुगीज ठाणी एकामागून एक पडली. कोलंबो पडले १६५६ साली, म्हणजे ॲमस्टरडॅमची वखार उभी राहिली त्याच वर्षी! ती वखार सरकारी आरमाराची आणि आमची कंपनीची. तरी दोघींचे काम एकच आणि काळही जवळजवळ एकच.

आणखीही एक ऋण आहे. वेंगुर्ल्याचे डच अधिकारी शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या पत्रांतून वरिष्ठांस कळवीत. कंपनीची दप्तरे हेग शहरी जपून ठेविलेली आहेत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी १९३२ पासून प्रसिद्ध केलेल्या शिवचरित्रात डच कागदांचा उपयोग केला. आमच्या गावी लिहिलेला कागद परक्यांनी सांभाळला, म्हणून आमचाच इतिहास आम्हांस उमगला!

हे सारे मी मुलीला उत्साहाने सांगत होतो. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “अण्णा, मी तुमच्याच वर्गात इतिहास शिकले. ती वखार तुम्ही आम्हांला कधी दाखविली नाहीत.”

श्रोतेहो, मजजवळ उत्तर नव्हते. तीस वर्षांहून अधिक काळ मी इतिहास शिकविला. पानिपताच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. प्लासीची लढाई फळ्यावर काढून दाखविली. परंतु शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर जांभ्या दगडाची जी इमारत होती, तिच्या भिंतींवर झाडे माजत होती, चिरे ढासळत होते, तिकडे एकदाही वर्ग नेला नाही. ती परीक्षेत विचारीत नसत, एवढेच कारण. सरकारने तिला संरक्षित स्मारक ठरविले. पण ज्या गावाच्या मनातून वास्तू उतरली, तिचे रक्षण केवळ पाटी कशी करणार?

गावी परतल्यावर पहिल्याच रविवारी आळीतील सात-आठ मुले बरोबर घेतली आणि वखारीपाशी गेलो. फार काही बोललो नाही. डच येथे का आले, तांदूळ कोठे जाई, पत्रे कोठे पोहोचली, एवढेच सांगितले. एका मुलाने चिऱ्यावर हात ठेवून विचारले, “गुरुजी, हे खरेच आपल्या गावात झाले?”

तीस वर्षांत माझ्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आता दर रविवारी आम्ही जातो. गेल्या खेपेस मुले अकरा होती.