उदासी आणि ताट

मंडळी, मन आणि शरीर एक की दोन, यावर आम्ही वर्गात वर्षानुवर्षं बोललो. आज तो वाद बाजूला ठेवू आणि एका रोगाचा इतिहास पाहू. रोगाचं नाव पेलाग्रा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत या रोगाने थैमान घातलं होतं. कातडी काळी, खरखरीत व्हायची, जुलाब लागायचे. पण कित्येकदा त्याआधीच झोप उडायची, माणूस चिडचिडा आणि उदास व्हायचा. पुढे भ्रम व्हायचा, आणि मग वेड्यांचं इस्पितळ. कोणी म्हणे हा संसर्ग, कोणी म्हणे यांचं रक्तच वाईट.

१९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तिकडे पाठवलं. त्याने काय पाहिलं? इस्पितळात पेलाग्रा रोग्यांना होतो, त्यांच्यात दिवसभर वावरणाऱ्या परिचारिकांना नाही. आता जंतू काही माणसाचा हुद्दा विचारून शिरत नाहीत! फरक होता ताटाचा. गरिबाच्या ताटात मका, काकवी आणि डुकराची चरबी, एवढंच. मिसिसिपीतल्या अनाथाश्रमांत त्याने दूध, अंडी, मांस, कडधान्यं वाढवली, रोग हटला. १९१५ साली तुरुंगातल्या ११ कैद्यांना, शिक्षामाफीच्या बोलीवर, निकस जेवणावर ठेवलं. ६ जणांना रोग झाला. आज असा प्रयोग आपल्याला पटणार नाही, पण उत्तर मिळालं. नेमकं द्रव्य, म्हणजे नायसिन, १९३७ साली कॉनराड एल्वेजेम यांनी दाखवलं. तोवर गोल्डबर्गर हयात नव्हता.

मग दोष मक्याचा का? तसं नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे त्यातलं नायसिन अंगी लागतं. युरोपने मका नेला, रीत तिथेच राहिली. आणि हे फार लांबचं नाही, बरं का. १९६० च्या सुमारास हैदराबादेत डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दख्खनमधल्या, ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत हाच रोग अभ्यासला.

यावरून प्रत्येक नैराश्य ताटातूनच येतं, असं कोणी समजू नये, आणि औषधं तर मुळीच सोडू नयेत. आपण एवढंच शिकायचं: गोल्डबर्गरने पुढे दक्षिण कॅरोलिनातल्या गिरणी-वस्त्यांत घरोघरच्या उत्पन्नाचा हिशेब मांडला. जिथे पैसा कमी, तिथे पेलाग्रा जास्त. तेव्हा एखाद्याला ‘स्वभावच रडका’ म्हणण्याआधी तो काय जेवतो, आणि तेच का जेवतो, हे विचारू या.