शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण सहज म्हणतो. या म्हणीत एक अट गृहीत धरलेली असते. भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असला पाहिजे. ही अट मोडली की परीक्षा कशी फसते, याचे बोलके उदाहरण प्रशांत महासागरातील बेटांच्या इतिहासात सापडते. जालना जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही हा इतिहास आम्हाला परका वाटत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

अमेरिकेने मार्च 1946 मध्ये मार्शल द्वीपसमूहातील बिकिनी बेटावरच्या 167 रहिवाशांना अन्यत्र हलवले आणि जुलैमध्ये तेथे दोन अणुस्फोट केले. 1958 पर्यंत बिकिनीवरील स्फोटांची संख्या 23 झाली. या स्फोटांचा सजीवांवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी वॉशिंग्टन विद्यापीठातील लॉरेन डोनाल्डसन आणि त्यांचे सहकारी तेथे गेले. मासे, शेवाळ, शिंपले, खेकडे, पक्षी, झाडांची पाने असे नमुने त्यांनी गोळा केले. मासा उभा चिरून छायाचित्रणाच्या काचेवर ठेवला की त्याच्या किरणोत्साराचे चित्र आपोआप उमटे. त्यात मासा सर्वत्र सारखा उजळत नसे; काही अवयव अधिक उजळत. म्हणजे एकाच माशाच्या शरीरातही ‘भात’ सारखा शिजलेला नव्हता.

1 मार्च 1954 च्या ‘ब्राव्हो’ स्फोटाने ही गोष्ट आणखी स्पष्ट केली. स्फोटाची राख रोंगेलाप बेटावर पडली आणि तेथील लोकांना हलवावे लागले. त्यांना 1957 मध्ये परत आणले गेले, पण नारळावर जगणारा मोठा खेकडा खाण्याची मात्र त्यांना मनाई करावी लागली. हा खेकडा कात टाकल्यावर आपलेच जुने कवच खातो. त्यामुळे त्यातील स्ट्रॉन्शियम-90 पुन्हा त्याच्याच शरीरात परतते.

बिकिनीची कथा अधिक दुःखद आहे. 1968 मध्ये बेट वस्तीस योग्य असल्याचे अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केले. काही कुटुंबे परतली, नवी नारळाची झाडे लावली गेली. पुढे लोकांच्या शरीरातील सीझियम-137 वाढत असल्याचे आढळले आणि 1978 मध्ये त्यांना दुसऱ्यांदा बेट सोडावे लागले. मोजणारी यंत्रे खोटी नव्हती. लोक तिथलेच नारळ किती खातील, याचा अंदाज मात्र चुकला होता.

झाडांत सीझियम एवढे का शिरले, हे आमच्या अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबी उत्पादकाला पटकन समजेल. सीझियम रासायनिकदृष्ट्या पालाशचा भाऊबंद आहे. आमच्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर. ती सीझियम धरून ठेवते. प्रवाळाच्या चुनखडी वाळूत चिकणमाती जवळजवळ नाही आणि पालाशही तुटपुंजा. पालाशला भुकेलेले झाड मग त्याच्या जागी सीझियम ओढून घेते. खंडावरच्या जमिनीचा अनुभव बेटावर लागू पडत नाही, तो यामुळे.

हाच धडा आपल्या किनाऱ्यावर उलट बाजूने दिसतो. ट्रॉम्बे येथे 4 ऑगस्ट 1956 रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. समोरच्या खाडीत घारापुरीचे बेट आहे आणि तळाशी गाळच गाळ. पाण्यातले सीझियम हा गाळ धरून ठेवतो. म्हणून येथे केवळ पाणी तपासून भागत नाही, गाळ आणि गाळात राहणारे शिंपलेही तपासावे लागतात. 1969 मध्ये तारापूरचा प्रकल्प सुरू झाला, त्यापूर्वीच तेथील परिसराचे सर्वेक्षण हाती घेण्यात आले होते. नंतरची वाढ ओळखायची तर आधीची नोंद हवी, हा त्यामागचा विचार. अशा सर्वेक्षणात मासे, दूध, भाजीपाला यांच्याबरोबर किनाऱ्यावरचा कोळी रोज किती मासळी खातो, हाही प्रश्न विचारावा लागतो.

बिकिनीकरांची दोनदा झालेली ताटातूट पाहिल्यावर आम्हाला वाटते की नमुना निवडणे हे केवळ तांत्रिक काम नाही. कोणते शीत उचलायचे हे ठरवण्याआधी तो भात कोणाच्या ताटात जाणार आहे, हे विचारले पाहिजे. बिकिनीत हा प्रश्न उशिरा विचारला गेला आणि त्याची किंमत मोजणाऱ्यांनी नव्हे, खाणाऱ्यांनी दिली.