आनंदपुरातली पंगत

आमच्या काकींनी नेपाळ पहिल्यांदा पाहिला तो अमेरिकेत, असे मी सांगितले की ऐकणारा आधी हसतो. आणि मग हा गृहस्थ शाळेत इतिहासाबरोबर भूगोलही शिकवीत होता की काय, अशी शंका त्याच्या चेहऱ्यावर दिसू लागते. पण गोष्ट खरी आहे. हसण्याजोगी तर ती आहेच. शिवाय तिच्यात थोडा इतिहासही आहे. म्हणून यंदाच्या फराळाच्या ताटाशेजारी ती वाचकांपुढे ठेवतो.

आमचे गाव विटा. १९४९ साली साताऱ्याची वाटणी होऊन दक्षिण सातारा जिल्हा निघाला, त्यात ते गेले. आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. जिल्ह्याची नावे अशी पालटत गेली, पण पावसाने आपली रीत सोडली नाही. खानापूर तालुक्याचा हा माळ पाण्याला पारखा. टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी या भागात चढले ते फार अलीकडे. त्याआधी एक-दोन पावसाळे कोरडे गेले की घरातला एखादा तरुण मुलगा वळकटी बांधून निघायचा, आणि बहुधा गलाईच्या कामाला लागायचा.

गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा हा माणूस विकत घेतो, कारण त्यात सोन्याचे कण असतात. जुना दागिना मुशीत टाकणखार घालून वितळवायचा, त्यात चांदी मिसळून सोने चौथ्या हिश्शावर आणायचे, मग तो गाळ तेजाबात उकळायचा. चांदी तेजाबात विरघळते आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. तीच पुन्हा मुशीत घातली की पिवळेधमक सोने होते. हे काम हाताला डाग आणि छातीला धूर देणारे आहे. पण त्याच्या जोरावर आमच्या भागातली माणसे पंजाबपासून केरळपर्यंत आणि बंगाल-आसामपर्यंत पांगली. जिथे सराफकट्टा, तिथे मागच्या बोळात आमच्याकडची एक भट्टी, असा जणू नियमच झाला.

माझे धाकटे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, १९७२ च्या दुष्काळात सतराव्या वर्षी घराबाहेर पडले. आधी कानपूर, आणि तिथून काठमांडू. भारत-नेपाळच्या १९५० च्या करारामुळे आपल्या माणसाला तिकडे राहायला आणि धंदा करायला फारशी आडकाठी नव्हती. काठमांडूत न्यू रोड म्हणून रस्ता आहे. १९३४ च्या भूकंपात शहर कोसळल्यावर तो नव्याने आखला गेला आणि पुढे सोन्याचांदीच्या दुकानांनी गजबजला. त्याच्या मागच्या एका बोळात तात्यांची भट्टी तीस वर्षे पेटती होती.

तात्या गावी यायचे दसऱ्याला. विट्याचा दसरा म्हणजे रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत. ती चुकवून कोणता विटेकर परमुलखात थांबेल? दिवाळी झाली की पुन्हा वळकटी. काकी मात्र विट्यालाच. सासू-सासरे, दोन म्हशी, सहा एकर कोरडवाहू आणि तीन मुले एवढा संसार त्यांनी ओढला. नवऱ्याचे गाव कसे आहे, हे त्यांना पत्रातून कळायचे. आणि तात्यांची पत्रे म्हणजे ‘इकडे खुशाली, तिकडची कळवणे’. एका दिवाळीला तात्यांनी तिकडून एक पुरचुंडी आणली. नेपाळी लोक हिरवा पाला आंबवून उन्हात वाळवतात, त्याला गुंद्रुक म्हणतात. त्याची आंबट कढणासारखी आमटी करतात. काकींनी पुरचुंडी उघडली, वास घेतला, आणि प्रवासात भाजी नासली असे समजून ती उकिरड्यावर टाकून दिली. तात्या त्यावर काहीच बोलले नाहीत. पण पुन्हा कधी त्यांनी तिकडचा खायचा जिन्नस घरी आणला नाही.

तात्यांचा धाकटा मुलगा फ्लोरिडात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने आईवडिलांना बोलावून घेतले आणि सोबतीला मला. तिथे डिस्ने कंपनीचे प्राण्यांचे एक अवाढव्य उद्यान आहे. १९९८ साली ते उघडले, आणि पुढच्या वर्षी त्यात आशिया खंडाचा एक भाग जोडला. त्या भागाला त्यांनी नाव दिले आहे आनंदपूर! नाव ऐकून काकी खूश झाल्या. आपल्याकडे कुठल्याही तालुक्यात शोभेल असे नाव, आणि ते सात समुद्रांपलीकडे!

हे आनंदपूर नकाशावर नाही. ते सर्वस्वी कल्पनेतले आहे. त्याची आखणी करणाऱ्या जो रोड यांनी व त्यांच्या मंडळींनी नेपाळात हिंडून घरे, रंग, दगड यांचा अभ्यास केला होता. म्हणून तिथल्या भिंतींचे पोपडे मुद्दाम काढलेले, लोखंडाला गंज मुद्दाम चढवलेला, आणि दोऱ्यांवर प्रार्थनेच्या पताका विटलेल्या. आम्ही घराला रंग देण्यासाठी दिवाळीची वाट पाहतो. इथे रंग उडवण्यासाठी कारागिरांना पगार मिळतो. २००६ साली तिथे एव्हरेस्टच्या नावाची डोंगरगाडी सुरू झाली, आणि २००७ साली ‘याक अँड यती’ नावाचे उपाहारगृह. आमचे दुपारचे जेवण तिथेच ठरले.

करमणुकीच्या बागेत परमुलखाचे घर उभारायचे आणि तिथे पानही मांडायचे, ही कल्पना मात्र अमेरिकेची नव्हे आणि नवीनही नव्हे. कोपनहेगनमध्ये १८४३ साली गेओर्ग कार्स्टेन्सन याने टिव्होली नावाची बाग उघडली, तिच्यात पौर्वात्य थाटाचा बाजार होता. लंडनमध्ये १८८४ साली आरोग्यविषयक मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा तिथे चिनी उपाहारगृह व चहाघर होते, आणि रांधणारे थेट चीनहून आणले होते. १९२४ साली वेम्बलीला ब्रिटिश साम्राज्याचे प्रदर्शन भरले. हिंदुस्थानच्या दालनावर ताजमहालाच्या घाटाचे घुमट चढवले होते, आणि आत आमटी-भात मिळत असे. ती व्यवस्था पाहणारे एडवर्ड पामर यांनी १९२६ साली लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर ‘वीरास्वामी’ हे हिंदुस्थानी उपाहारगृह काढले. म्हणजे जत्रेतला तंबू उठला, पण चूल शहरातच राहिली. पुढे १९५५ साली वॉल्ट डिस्ने यांनी कॅलिफोर्नियात पहिले डिस्नेलँड उघडले आणि जत्रेला कायमचा पत्ता मिळाला. आपल्याकडे गोराईला १९८९ साली आणि खोपोलीला २०१३ साली तशी उद्याने निघाली, तेव्हा आमच्या तालुक्यातल्या शाळांच्या सहलीही तिकडे वळल्या.

या सगळ्या प्रदर्शनांत एक गोष्ट सारखी असे. परक्या देशाचे घुमट, खिडक्या आणि पक्वान्ने पाहुण्यांपुढे मांडली जात. त्या देशातल्या माणसाची उपासमार, कर्ज, ताटातूट यांना मात्र त्या मांडणीत जागा नसे. जत्रेला आलेल्या माणसाला ती दाखवावी तरी का, असे कोणी विचारील, आणि ते खरेही आहे. पण आमच्याबरोबर त्या दिवशी तात्या होते.

‘याक अँड यती’ हे एका धनिक व्यापाऱ्याचे घर होते व मागाहून त्याचे हॉटेल झाले, अशी कथा तिथे रचलेली आहे. काळपट लाकडाचे कोरीवकाम, पितळेची भांडी, मूर्ती, जुनी चित्रे यांनी भिंती भरून गेलेल्या. तात्यांनी कोरीव लाकूड बोटाने चाचपले आणि म्हणाले, “पाटणात असल्या खिडक्या हैत. पर त्या लई जुन्या.” मग पाटीवरचे नाव त्यांनी पुन्हा वाचले. “ह्या नावाचं हाटेल काठमांडूत हाय की! राणा लोकांच्या वाड्यात.”

तात्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. आणि त्या नावामागे एक नवलाचा माणूस आहे. बोरिस लिसानेविच याचा जन्म १९०५ साली ओडेसाचा, धंदा नृत्याचा. रशियन क्रांतीनंतर तो नृत्यमंडळींबरोबर देशोदेशी फिरला, १९३६ साली कलकत्त्यात त्याने ‘३०० क्लब’ काढला, आणि नेपाळची दारे परकीयांना उघडली तेव्हा काठमांडूत एका राणाच्या वाड्यात रॉयल हॉटेल थाटले. एव्हरेस्टवर जाणारे गिर्यारोहक तिथे उतरत. १९५६ साली राजे महेंद्र यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा पाहुण्यांच्या खानपानाची जबाबदारी बोरिसवर होती. ‘याक अँड यती’ हे नाव त्याच्या हॉटेलातल्या पानगृहाचे. पुढे लाल दरबार या वाड्यात त्याच नावाचे मोठे हॉटेल झाले, आणि तिथे नावाजलेला पदार्थ कोणता? रशियाचे बीटचे सार, बोर्श्ट! हिमालयाच्या कुशीत, नेपाळी वाड्यात, रशियन सार. अस्सल म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे ते घरही असे सरमिसळीचे होते. काठमांडूचे मोमो घ्या: तेही ल्हासाला व्यापाराला गेलेल्या नेवार सावकारांनी तिबेटातून आणले, असे सांगतात. खाण्याचे पदार्थ घर सोडून निघालेल्या माणसाच्या वळकटीतून हिंडत असतात.

आमच्या टेबलावर चिनी पद्धतीच्या नूडल्स आल्या, भात आला. शेजारच्या टेबलावर टिक्का मसाला आणि बर्गर एका पंक्तीला बसले होते. तात्या माळकरी, त्यांनी भाज्या घातलेल्या नूडल्स मागवल्या आणि काट्याशी झटापट सुरू केली. काकी मात्र जेवतच नव्हत्या. त्या भिंतीमागून भिंत बघत होत्या. वरचे छत, कोनाड्यातले दिवे, पताका. मग त्यांनी हळूच विचारले,

“आवं, तुमी तितं असल्याच घरात ऱ्हात हुता व्हय?”

प्रश्न साधा होता. पण त्यात तीस वर्षांचा हिशेब होता, हे आम्हा सगळ्यांना कळले. आपण विट्यात उन्हातान्हात राबलो तेव्हा नवरा अशा कोरीव खिडक्यांत बसत होता काय, असे त्या बाईच्या मनात येऊन गेले असावे. त्यांच्या मुलाने मान खाली घातली. तात्यांनी काटा ठेवला.

“छ्या! असलं घर कुठलं आलंय! धा फुटाची खोली. चौघं निजायचो. एका अंगाला भट्टी. थंडीत दार लावलं की तेजाबाचा धूर कोंडायचा, उघडलं की वारं बोचायचं. सकाळी डाळ-भात, रातच्याला डाळ-भात.”

“मग कवा सांगितलं न्हाई ते?”

“सांगून काय करायचं हुतं? तू तितं येनार हुतीस का धूर पुसायला?”

काकी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या बगाट पाल्याचं काय? गुंद्रुक का काय ते. त्ये हितं मिळतंय का इचारा की.”

अर्थात ते तिथे मिळत नव्हते. वाढणाऱ्या मुलीने मोठ्या आदबीने पुन्हा पुन्हा नाव विचारून घेतले आणि नाही म्हणून सांगितले. पण तात्या हसले, आणि गुंद्रुक कसे करतात ते सांगू लागले. पाला एक-दोन दिवस उन्हात मलूल करायचा, चेचायचा, मडक्यात दाबून दाबून भरायचा, हवा लागू द्यायची नाही. आठ-दहा दिवसांनी आंबूस वास सुटला की काढून खडखडीत वाळवायचा. शेजारची नेपाळी म्हातारी बटाटे घालून त्याची आमटी करी आणि थंडीच्या दिवसांत या चौघा मराठी पोरांना वाटीवाटी पाठवी. तिच्यासाठी तात्या विट्याहून शेंगदाण्याची चटणी नेत. हे काकींना त्या दिवशी पहिल्यांदा कळले; आम्हालाही.

नेपाळी कवी लक्ष्मीप्रसाद देवकोटा यांचे ‘मुना मदन’ हे काव्य नेपाळात घरोघर माहीत आहे. ल्हासाला पैसा कमवायला गेलेला नवरा आणि मागे राहिलेली बायको यांची ती कहाणी. त्या म्हातारीने आमच्या विटेकर पोरांना जीव का लावला असेल, हे मला ती कहाणी आठवून थोडेसे उमगते. तिच्या मुलखालाही वाट पाहण्याची सवय होती.

मी इतिहासाचा मास्तर. खोट्या किल्ल्याला आणि बनावट वाड्याला नाक मुरडणे हा माझा धर्मच. आनंदपुरात शिरताना मी तेच करीत होतो. पण त्या नकली घराने आमच्या घरातले एक खरे दार उघडले, हे मी विसरू शकत नाही. खरे काठमांडू तीस वर्षे पत्रांच्या पलीकडे राहिले होते; ‘असेच होते का?’ असे बोट दाखवून विचारायला काहीतरी समोर लागत होते. तेवढे काम त्या पोपडे काढलेल्या भिंतींनी केले. त्या व्यापाऱ्याच्या घरात सारी दुनिया टांगलेली होती, तशी भट्टीची एक मूस मात्र नव्हती. ती तात्यांनी जेवता जेवता आणून ठेवली.

आम्ही विट्याला परतलो तेव्हा पालख्यांची शर्यत आठवड्यावर आली होती. दिवाळीच्या आधी एकदा मी तात्यांकडे गेलो. माडीवर मुळ्याचा पाला सुकत पडला होता, आणि काकी चिनी मातीची बरणी धुऊन उन्हात पालथी घालीत होत्या. मी विचारले, तर म्हणाल्या, “ह्यांनी सांगितलंय तसं करून बगते. नासलं तर उकिरडा हाईच.”

नासले नाही. लाडू-करंज्यांच्या फराळानंतर पाडव्याच्या रात्री आम्हाला एकेक वाटी मिळाली. मुलांनी तोंडे वाकडी केली. मला ती आंबटच लागली. तात्यांनी मात्र तीन वाट्या घेतल्या, आणि चौथी वाटी काकींनी न विचारताच वाढली.